बुधवारी बसवायची खिडकी

मी, खाली सही करणारा, सत्तरीला टेकलेला, धंद्याने फ्रेमवाला, राहणार दुकानाच्या मागच्या तीन खोल्यांत, असे लिहून ठेवतो की या घडीला माझे डोके ठिकाणावर आहे. वकील म्हणाले, असे आपले आपण लिहून चालत नाही, घरातल्या कुणाचा तरी दुजोरा हवा. म्हणून पत्नीला विचारले. "आज तरी आहे," असे तिने सांगितले. मला कुणी धमकावलेले नाही, भरीस घातलेले नाही, गोड बोलून सही घेतलेली नाही. घाई मात्र सगळ्यांनी केली आहे.

वकील माझे शाळेपासूनचे मित्र. दुकानावरून जाताना ते दर वेळी विचारत, "मृत्युपत्राचं काय झालं?" आणि मी म्हणे, "बुधवारी बसू." बुधवारचा खुलासा इथेच करून टाकतो, म्हणजे पुढे घोळ नको. गिऱ्हाईक तसबीर टाकून गेले की "कधी मिळेल?" असे विचारते. मी सांगतो, "बुधवारी या." कोणत्या बुधवारी, ते मी कधी सांगितले नाही. बुधवार दर आठवड्याला येतो, त्यामुळे मी अगदीच खोटा असा कधी ठरलो नाही. गल्ली मला बुधवारकाका म्हणते. लहान मुलांना ते माझे खरे नाव वाटते.

हे मृत्युपत्र एका बैठकीत झालेले नाही. लिहिता लिहिता मधेच बरेच काही घडले आणि काही कलमे रद्द करावी लागली. वकिलांचे म्हणणे, रद्द झालेले वगळून सगळे कोऱ्या कागदावर उतरवून काढा. मी नाही म्हणालो. काय रद्द झाले आणि का, ते कळले नाही तर उरलेल्या कागदात वाचण्यासारखे काही नाही.

कलम पहिले : घर

दुकानाच्या मागच्या तीन खोल्या माझ्या पश्चात माझ्या पत्नीच्या आणि तिच्या पश्चात आमच्या लेकीच्या. लेकीने त्या विकल्या तरी माझी हरकत नाही. बचत खात्यात जे असेल ते पत्नीच्या औषधपाण्याला, त्यात कुणी नाक खुपसू नये.

पुढची खोली उजेडाची, मधली बेताची, आणि मागे स्वयंपाकघर, जिथे भर दुपारीही दिवा लावावा लागतो. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपलीकडे रस्त्याचे वळण आहे, बसथांबा आहे, बसायला एक बाक आणि सावलीला एक डेरेदार झाड आहे. भिंतीअलीकडे माझी पत्नी असते. लेक रांगत होती तेव्हा आम्ही ही खोली बांधली, आणि तेव्हापासून पत्नीने तो थांबा नुसता ऐकला आहे. कोण कुणाशी भांडते, कुणाचा खोकला अजून गेला नाही, कुणाच्या मुलीला नोकरी लागली, सगळे तिला ठाऊक. कामाला बाहेर पडली की थांबा दिसतो, पण ज्यांचे आवाज ऐकले ती माणसे तोवर बसमध्ये चढून गेलेली असतात. आवाज ओळखीचे आणि चेहरे परके, असे तिचे इतकी वर्षे चालले आहे.

कलम दुसरे : दुकान

दुकान लेकीला. ती दूरच्या शहरात लोकांचे दात नीट करते, तिला फ्रेमांचा उपयोग नाही. तिने ते भाड्याने द्यावे. पण त्याआधी मागच्या फडताळातल्या तयार तसबिरी ज्यांच्या त्यांना पोचवाव्यात. लोक न्यायला आले नाहीत असे मी सांगत आलो. खरे असे की त्यांनी इतके बुधवार हेलपाटे घातले की शेवटी ते कंटाळले, आणि फ्रेम त्यानंतर तयार झाली.

आमच्या धंद्यात एक गोष्ट फार लवकर कळते. जिवंत माणसाचा फोटो सहसा कुणी फ्रेमला आणत नाही. माणूस गेले की घरात धावाधाव होते आणि मग पाकिटातला, ओळखपत्रावरचा, कुठल्या तरी घोळक्यातला फोटो कापून आणतात. एकदा एक बँकेतला कारकून आईचा फोटो घेऊन आला. आईच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचे तरी कोपर होते. "एकटीचा काढायचा राहून गेला हो," तो म्हणाला. "दर वेळी वाटायचं, पुढच्या खेपेला काढू." मी माउंट, म्हणजे फोटोभोवतीचा जाड कागद, जरा आत घेऊन ते कोपर झाकून दाखवले. त्याचे डोळे भरून आले. माझेही आले. आणि तरी मी त्याला "बुधवारी या" असेच म्हणालो, इतका हा रोग अंगात मुरलेला आहे.

कलम तिसरे : हत्यारे आणि सागवान

करवत, रंधा, गुण्या, पटाश्या, काच कापायचा हिरा आणि दुकानातली उंच शिडी विकून टाकावी. माळ्यावर सागवानाच्या फळ्या आहेत. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो त्या वस्तादांनी जाताना त्या मला दिल्या. म्हणाले होते, "चांगल्या कामाला वापर." मी चांगल्या कामाची वाट पाहत राहिलो. फळ्यांचे काय करायचे, ते कलम पाचव्यात.

कलम चौथे : धाकटा भाऊ

माझ्या धाकट्या भावाला माझ्या मिळकतीतले काहीही देऊ नये. शिडीसुद्धा नाही. मागायला आला तर ती विकली गेली असे सांगावे.

कारण असे. स्वयंपाकघर त्यानेच बांधले, तो गवंडी आहे. मागच्या भिंतीत त्याने खिडकीसाठी जागा सोडली, वर भिंतीचे वजन पेलायला लिंटल टाकला आणि मला म्हणाला, "दादा, माप दिलंयस, आता चौकट आण." फळ्या माळ्यावर होत्याच. मी म्हणालो, "बुधवारी आणतो." मग त्या भोकाला आम्ही पोते टांगले. थंडी आली. पोत्याखालून मांजर येऊ लागले आणि दूध जाऊ लागले. एक दिवस दुकानातून मागे येतो तो भोक बुजलेले आणि वर ओला गिलावा. मी विचारले, "कुणाला विचारून बुजवलंस?" तो म्हणाला, "मांजराला." त्यावरून जुंपली. मी म्हणालो, तुला विटांपलीकडे काही कळत नाही. तो म्हणाला, तुला बुधवारपलीकडे काही कळत नाही. त्याचे बोलणे जास्त झोंबले, कारण ते जास्त जमले होते.

तेव्हापासून आमचे जाणे-येणे नाही. लग्नाकार्यात गाठ पडली तर एकमेकांशी लेकीमार्फत बोलतो. "काकाला सांग, जेवून जा." "बाबांना सांग, जेवलोय."

कलम पाचवे : खिडकी

माझ्या पश्चात, माझ्या बचतीतून, स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत एक खिडकी पाडण्यात यावी. चौकटीला माळ्यावरचे सागवान वापरावे. काम चांगल्या गवंड्याकडून करून घ्यावे, माझ्या भावाकडून नव्हे. पत्नीची ही जुनी इच्छा असून ती पुरी करणे हे वारसांचे कर्तव्य समजावे.

हे कलम लिहिले तेव्हा मला फार बरे वाटले होते. एवढा मोठा शब्द आपण पाळतो आहोत, असे वाटले. पत्नी समोर बसून शेंगा सोलत होती.

"काय एवढं खुशीत लिहिताय?" तिने विचारले.

"खिडकीचं कलम."

"वाचा बघू."

मी वाचले. तिने हातातली शेंग सोलून पुरी केली, दाणे भांड्यात टाकले.

"म्हणजे तुम्ही गेल्यावर खिडकी."

"हो. पैसे बाजूला ठेवलेत. तुला कुणाकडे मागायला नको."

"आणि मी त्या खिडकीतून काय बघायचं?"

"रस्ता, थांबा, झाड. तुला हवं ते."

"कशानं?"

इथे वाचणाऱ्याला सांगितले पाहिजे की त्याच आठवड्यात आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. मृत्युपत्र लिहायला बसलो तो त्या भीतीनेच. मी घाबरलो की कागद काढतो. पत्नीला काचबिंदू आहे. यात नजर कडांकडून जाते. माउंट हळूहळू रुंद होत जावा आणि मधले चित्र लहान लहान होत जावे, तसे. ती कपाटाच्या कोपऱ्याला धडकायची, शेजारी ठेवलेला पेला तिच्या हाताने पडायचा, आणि मी म्हणे, "लक्ष कुठंय तुझं?" डॉक्टर म्हणाले, जे गेले ते परत येणार नाही. जे आहे ते थेंबांनी टिकवू. किती दिवस, हे मी विचारले. ते म्हणाले, सांगता येत नाही, आहे तोवर बघून घ्या.

"अहो," ती म्हणाली, "तुमचं मरण तुम्ही लांबणीवर टाकाल. तुम्हाला ते जमेल. यम दारात आला तरी त्याला बुधवारी ये म्हणाल आणि तोही बिचारा परत जाईल. पण माझे डोळे नाही हो थांबायचे." मग ती हसली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसले. रागावली असती तर मी काहीतरी उत्तर दिले असते.

मला त्या रात्री माझी लाज वाटली. माझ्याकडे किती आयुष्य उरले याचा हिशेब करत मी बसलो होतो, आणि जे खरोखर संपत होते ते माझ्यासमोर बसून शेंगा सोलत होते. आयुष्य थोडे असते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी त्याच्यावर पोट भरतो. दुकानात येणारा प्रत्येक जण हेच सांगत येतो. ते माझ्या घरालाही लागू आहे, एवढेच माझ्या डोक्यात शिरले नव्हते.

सकाळी दुकान उघडले नाही. माळ्यावर चढून फळ्या काढल्या. वरचा काळपट थर रंध्याने गेला आणि आतून लाकूड असे निघाले की वस्ताद असते तर त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या, एवढे दिवस हे झाकून ठेवले म्हणून. खिडकीचे माप मला तोंडपाठ होते. दोन-तीन दिवसांत चौकट पुरी केली, सांधे पक्के केले, काच कापून झडपांत बसवली, बिजागऱ्या लावल्या. गिऱ्हाइके बंद दारावर टकटक करत होती. आतून मी ओरडलो, "बुधवारी या!" त्या एका वेळी त्याला खरे कारण होते.

चौकट झाली, पण भिंत कोण फोडणार? दुसरा गवंडी बोलावता आला असता. पण ती भिंत ज्याची, त्यालाच ती ठाऊक. आणि खरे सांगायचे तर मला निमित्त हवे होते.

भाऊ एका अर्धवट बांधलेल्या घराच्या पायरीवर बसून डबा खात होता. केस पांढरे झालेले. मी समोर जाऊन उभा राहिलो. मधे लेक नव्हती, त्यामुळे पहिले वाक्य कुठून काढायचे ते दोघांनाही कळेना.

"खिडकी फोडायचीय," मी म्हणालो.

त्याने मान वर केली नाही. "कोणत्या बुधवारी?"

"आजच."

"आज गुरुवार आहे. तुझा बुधवार काल गेला."

"माहीत आहे."

आता त्याने वर पाहिले. माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला. "वहिनी बरी आहे ना?" त्याने विचारले. मी डोळ्यांचे सांगितले. त्याने अर्धा डबा तसाच बंद केला, हात धुतले आणि हातोडा-छिन्नी पिशवीत टाकली. वाटेत तो एवढेच म्हणाला, "शिडी आहे ना अजून तुझ्याकडं? की विकलीस?"

भिंतीवर मी आधीच पेन्सिलीने चौकोन आखून ठेवला होता. आमच्या धंद्याचा नियम आहे : तसबीर उभ्या माणसाच्या नजरेला टांगायची, आणि देखावा असेल तर चौकट आडवी. बाहेरचा देखावाच तर होता. मी नियमाप्रमाणे छान आडवा, उंच चौकोन आखला होता. भाऊ तो बघून हसायला लागला.

"दादा, ही खिडकी आहे, तसबीर नव्हे. वहिनी काय दिवसभर उभी राहून शेंगा सोलणार? इथून तिला फक्त वीज कंपनीच्या तारा दिसतील."

"माप तर बरोबर आहे," मी म्हणालो.

"माप बरोबर आहे, उंचीचं रुंदीला घेतलंयस आणि रुंदीचं उंचीला. उभी होती खिडकी. अन् खालपासून. मी तेव्हाच वहिनीला विचारलं होतं, तू बसतेस कुठं." त्याने माझ्या चौकोनावर हातोड्याने टकटक केले, भिंत घट्ट वाजली. मग खाली, पत्नीच्या बसायच्या पाटासमोर टकटक केले. तिथला आवाज वेगळा होता. "ऐकलंस?"

त्याने गिलावा खरवडला. वर त्याचा जुना लिंटल निघाला, जिथला तिथे. छिन्नी विटेच्या सांध्यात घातली आणि जरा हलवली, तर वीट अख्खीच्या अख्खी बाहेर आली. एक घाव नाही, काही नाही. दुसरी आली. तिसरी त्याने हातानेच काढली. सांध्यांत सिमेंट नव्हते, नुसती माती होती, ती भुरभुर खाली पडत होती.

"हे काय?" मी विचारले.

"मातीतच बसवल्या होत्या," तो विटा रचत म्हणाला. "म्हटलं, आज ना उद्या दादा चौकट घेऊन येईल. तेव्हा फोडायला त्रास नको."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं? तू भांडलास."

मला रडू आले. विटांची धूळ होती म्हणून कुणाला कळले नाही, असे मी समजून चाललो होतो, पण पत्नीने माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. एवढी वर्षे आम्ही ज्याला भिंत म्हणत होतो ती भिंत नव्हतीच. माझ्या भावाने माझ्यासाठी उघडी ठेवलेली जागा होती. मी आडवी केलेली चौकट उभी केली. दोन्ही बाजूंनी जरा रंधा फिरवला आणि ती त्या जागेत बसली. झडपा नव्या दिशेने बसवायला दुसरा दिवस गेला. भावाने कडेचा गिलावा केला, ओळंबा सोडून पाहिला आणि म्हणाला, "चौकट चांगली केलीयस. उशीर झाला, पण चांगली."

मग पत्नी पाटावर बसली. बसून तिला सगळे दिसत होते. बाहेर फळवाला ओरडला. ती दचकली.

"हा? हा एवढासा?" ती म्हणाली. "आवाजावरून मला वाटायचं, दारात मावणार नाही असा असेल!"

त्यानंतर दोन दिवस घरात दुसरे काम झाले नाही. खोकणारे गृहस्थ म्हणजे टाय लावलेला तरणा मुलगा निघाला. रोज फोनवर नवऱ्याला झापणारी बाई, उघड्या खिडकीतून नीट ऐकले तर, नवऱ्याला नव्हे, आपल्या आईला झापत होती, आणि झापून झाल्यावर डोळे पुसत होती, हे भिंतीतून ऐकू येत नसे. ज्या हसण्याने पत्नीची सकाळ सुरू व्हायची, ते हसणे शेजारच्या इमारतीतल्या नर्सबाईंचे होते, ज्यांच्याशी गल्लीत आम्ही कधी धड बोललोही नव्हतो. पत्नीने त्यांना खिडकीतून हाक मारून सांगितले, "अहो, तुम्ही हसता ना, ते मी रोज ऐकते." त्या लाजल्या आणि पुन्हा हसल्या. आता त्यांची बस येईपर्यंतचा चहा आमच्याकडे असतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पत्नी मला म्हणाली, "तुम्ही बाहेर जा."

"का?"

"जा तर. तिकडं बाकाजवळ उभे राहा आणि मला हाक मारा."

मी वळसा घालून मागे गेलो. थांब्यावर चार माणसे होती, मला संकोच वाटला. तरी मारली हाक. "अगं ए!"

ती खिडकीत आली. दिवा लावलेला नव्हता, बाहेरचाच उजेड तिच्या तोंडावर होता. चौकटीला एक हात टेकून ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला पुरता नजरेत घ्यायला मान जरा इकडे, जरा तिकडे वळवू लागली.

"म्हातारे झालात हो तुम्ही," ती मोठ्याने म्हणाली. थांब्यावरची माणसे हसली.

मी जन्मभर माणसांना चौकटीत बसवले. एकजात सगळी गेलेली. चौकटीतले माणूस हसले, बोलले आणि त्याने मला नावे ठेवली, असे पहिल्यांदा झाले. मी तिथेच उभा राहिलो, बस आली आणि गेली, आणि मला वाटले की वस्ताद ज्याला चांगले काम म्हणत होते ते हेच असणार.

घरात आलो तेव्हा तिने डोळ्यांत थेंब घातलेले होते आणि डोळे मिटून बसली होती. बाहेर फळवाला ओरडला. ती मिटल्या डोळ्यांनीच हसली.

"आता काही हरकत नाही," ती म्हणाली. "आवाज आला की चेहरा येतो."

सबब कलम पाचवे रद्द. काम मयताच्या हयातीत पुरे झाले आहे. (वकील म्हणतात, असे वाक्य त्यांनी कोणत्याही मृत्युपत्रात वाचलेले नाही.)

कलम चौथे रद्द. त्याच्या जागी शिडी भावाला द्यावी असे मी नव्याने लिहिले होते. त्याने साक्षीदार व्हावे अशी माझी इच्छा, आणि ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्ष देणे बरे दिसत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून शिडी त्याला आजच दिली. तो ती खांद्यावर टाकून घेऊन गेला आणि साक्ष द्यायला परत आला. आता मृत्युपत्राने त्याला काहीही मिळत नाही; म्हणजे कलम चौथे एका अर्थी तसेच राहिले.

कलम तिसऱ्यात दुरुस्ती : सागवान संपले. हत्यारे विकायची नाहीत, ती मला अजून लागतात.

कलम दुसऱ्यात दुरुस्ती : फडताळातल्या तसबिरी पोचवायला मी स्वतः सुरुवात केली आहे. बँकेतल्या कारकुनाची पहिली. त्याला बघून वाटले, त्याची आई आजच घरी आली. फडताळाच्या तळाशी लेकीने शाळेत असताना काढलेले एक चित्रही सापडले. "बाबा, फ्रेम करा" म्हणून तिने दिले होते आणि मी तिलाही बुधवारच सांगितला असणार. ते फ्रेम करून पाठवले. तिचा फोन आला.

"बाबा, हा घोडा आहे की कुत्रा?"

"तुलाच माहीत, तूच काढलंयस."

"दवाखान्यात लावलाय. पेशंट तोंड उघडं ठेवून तेच विचारतात." मग तिने विचारले, "बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना? तुम्ही एकदम सगळं वेळेवर कसं काय करायला लागलात?"

तब्येत बरी आहे. पुढच्या आठवड्यात ती येते आहे, आईला बघायला, आणि आईने तिला बघावे म्हणूनही. मी तिला येण्याचा वार विचारला नाही.

कलम सहावे : माझा फोटो

मी गेल्यावर माझा फोटो शोधायची धावाधाव करू नये आणि तो फ्रेमला टाकू नये. चांगला फ्रेमवाला तेव्हा गावात नसेल. ज्याला माझी आठवण येईल त्याने स्वयंपाकघरात जाऊन खिडकी उघडावी आणि पत्नीच्या पाटावर बसून थोडा वेळ बाहेर बघावे. पत्नी तिथे असेल, तर तिला बाहेर काय चालले आहे ते सांगावे. झाडाला नवी पाने आली का, फळवाल्याने आज काय आणले, नर्सबाईंनी कोणत्या रंगाची साडी नेसली आहे. नीट सांगावे, घाईने नव्हे. ही माझ्या वारसांवरची एकमेव अट आहे. बाकी सगळे त्यांनी आपापसांत बघून घ्यावे.

सही करायला सगळे स्वयंपाकघरात जमलो. वकिलांनी पेन उघडून दिले. तेवढ्यात खिडकीची झडप वाऱ्याने आपटली.

"कडी बसवायची राहिलीय," पत्नी म्हणाली.

"सही करतो आणि उद्या बसवतो," माझ्या तोंडून गेले. भावाने पिशवीतून स्क्रू काढून माझ्यासमोर ठेवले.

कडी बसवली. मग सही केली.

सही : बुधवारकाका (खरे नाव वकिलांनी खाली टंकून घातले आहे)

साक्षीदार पहिला : धाकटा भाऊ, गवंडी. सही करताना त्याने वर एवढेच लिहिले की भिंत आता पक्की आहे.

साक्षीदार दुसरी : नर्सबाई, शेजारच्या इमारतीतल्या. त्यांची बस चुकली, पुढच्या बसने जातील.

ठिकाण : स्वयंपाकघर, खिडकीशी.

दिनांक : आजचा.

वार : मंगळवार.